भुऱ्याला ‘दे’ शिकवलं त्याची नोंद



तूर कापणीला आली, हरभरा घाट्यावर आहे, ज्वारी निसवली. त्यावर पुढच्या नोंदीत लिहितो. आज कुत्र्यावर लिहायचं आहे. आखाड्यावर येणारे बरेच जण विचारतात, की हे कुत्रं लांब फेकलेली वस्तू हुडकून आणतं आणि मुकाट हातात देतं, हे शिकवलं कसं? दोघा-तिघांनी मात्र मला बाजूला घेऊन दुसरंच विचारलं. “तित्तर आणतं का?”

दोन्हीचं उत्तर एकदाच देऊन टाकतो.

भुऱ्या आता तेरा महिन्यांचा आहे. आई कारवानी, बाप गावातला कोण ते आईलाच ठाऊक. आईची उंची आणि लांब पाय त्याला आलेत, पण नाक बापाचं असावं. कारवानी ही मुळात डोळ्यानं शिकार करणारी जात. लांबवर काही हललं की सुटली. वासावर रेंगाळणं, शोधणं, उचलून आणणं हे तिचं काम नव्हे. कर्नाटकातल्या मुधोळचं कुत्रंही त्याच घराण्यातलं. बंदुकीनं पाडलेलं पाखरू शोधून, दात न लावता आणून देणाऱ्या जाती वेगळ्या, त्या विलायतेत तयार झाल्या. लॅब्राडॉरच्या पुढं रिट्रीव्हर लावतात त्याचा अर्थच परत आणणारा. गोल्डन रिट्रीव्हर ही जात स्कॉटलंडमधल्या एका लॉर्डानं १८६० च्या दशकात याच कामासाठी मुद्दाम पैदा केली. आज शहरात सोफ्यावर लोळणारी ही कुत्री मूळची चिखलात आणि पाण्यात राबणारी आहेत, हे त्यांच्या मालकांनाही माहीत नसतं.

आपल्याकडं हे अगदीच नव्हतं असंही नाही. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. माझे आजोबा सांगायचे, की साहेब लोक नदीकाठी बदकांच्या शिकारीला यायचे तेव्हा गावातली पोरं हाकाऱ्याला धरून न्यायचे. साहेबाचं लांब कानाचं कुत्रं पाण्यात उडी घ्यायचं, बदक आणून पायाशी ठेवायचं आणि शेपटी हलवत बसायचं. आजोबांना त्या बंदुकीचं काही वाटलं नाही, त्या कुत्र्याचं वाटलं. “भुकेलं असंल तरी खात नव्हतं,” असं ते म्हणायचे. पोरांना दिवसभराच्या हाकाऱ्याचे काय मिळायचे ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता कायद्याचं. १९७२ साल म्हटलं की आपल्याला दुष्काळ आठवतो, सुकडी आठवते, खडी फोडणारी माणसं आठवतात. त्याच वर्षी परभणीत आपलं कृषी विद्यापीठ झालं आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदाही आला. सुरुवातीला त्यात काही पाखरांसाठी परवान्याची वाट होती, ती १९९१ च्या दुरुस्तीनं बंद झाली. त्यामुळं तित्तर, लावा, ससा, हरीण, मोर यांच्यावर कुत्रं सोडणं ही शिकारच. नुसती बंदूक म्हणजे शिकार असं समजू नका. त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत फासा येतो, विष घालणं येतं, कुत्र्याकरवी पाठलाग येतो, घरटं आणि अंडी मोडणंही येतं. मागच्या दिवाळीत दोन पोरं मोटारसायकलवर आली आणि भुऱ्यासाठी चांगली रक्कम बोलली. ससे धरायला पाहिजे होता. चहा पाजून वाटेला लावली.

मग शिकारच करायची नाही तर आणायला शिकवायचं कशाला? हा प्रश्न आमच्या घरातूनच पहिल्यांदा आला. त्याचं उत्तर असं, की कुत्रं तोंडात धरणारच. आपण शिकवलं नाही तर ते आपल्या मनानं शिकतं. टिटवीची पिलं, तित्तराची अंडी, शेजाऱ्याची कोंबडी, मेलेला उंदीर, जे सापडेल ते. आणि एकदा तोंडात धरून पळायची गोडी लागली की मागं धावणाऱ्या मालकाला ते खेळगडी समजतं. मला त्याच्याकडून आणून घेण्यापेक्षा सोडवून घेणं जास्त पाहिजे होतं. ‘दे’ म्हटलं की तोंडातलं काहीही, कसलंही, हातात आलं पाहिजे. एवढ्या एका शब्दासाठी हा सगळा खटाटोप.

पिलू दोन महिन्यांचं आणलं ते फेब्रुवारीत. पहिले पंधरा दिवस काहीच शिकवलं नाही, नुसतं नाव. मग जुन्या पायमोज्यात सरकी भरून, तोंड शिवून एक गुंडाळी केली. सरकी यासाठी की वजन राहतं पण कडकपणा नाही. लाकूड किंवा दगड देऊ नका, त्यानं दात तर जातातच, पण कडक चावायची सवयही लागते. गोठ्याची भिंत आणि कडब्याची गंजी यांच्यामधली अरुंद बोळ मी निवडली. एक तोंड बंद, दुसऱ्या तोंडाला मी. गुंडाळी आत फेकली की पिलाला ती उचलून माझ्याकडंच यावं लागतं, दुसरी वाटच नाही. ही युक्ती विलायती शिकवणारेही वापरतात, फक्त त्यांच्याकडं घरातला बोळ असतो, आपल्याकडं कडब्याची गंजी.

पिलू आलं की त्याच्या तोंडातली वस्तू लगेच ओढायची नाही. इथंच बहुतेक लोकांचं बिघडतं. आणली रे आणली की हिसकली, मग पुढच्या वेळी ते चार हात लांब उभं राहतं, का यावं त्यानं? आधी पाठीवरून, छातीवरून हात फिरवायचा. वस्तू त्याच्या तोंडातच राहू द्यायची. मग दुसऱ्या हातानं भाकरीचा तुकडा नाकापाशी आणायचा. तुकडा घ्यायला तोंड उघडतं, त्या क्षणाला ‘दे’ म्हणायचं. शब्द आधी आणि तोंड नंतर असं करू नका, सुरुवातीला तोंड उघडताना शब्द कानावर पडला पाहिजे. आठ-दहा दिवसांत शब्दाला तोंड उघडायला लागतं. त्यानंतर लगेच ती वस्तू पुन्हा त्यालाच द्यायची. दिल्यानं नुकसान होत नाही हे त्याला कळलं, की निम्मं काम झालं.

चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडतात, हिरड्या दुखतात. त्या काळात मी आणायचा खेळ जवळजवळ बंदच ठेवला. फडकं धरून दोन्हीकडून ओढाओढ तर कधीच नाही. पोरांना ते फार आवडतं, पण त्यातून कुत्रं घट्ट धरायला शिकतं. उन्हाळाही तेव्हाच होता. आपल्याकडच्या मे महिन्यात सकाळी आठनंतर काळ्या रानात कुत्र्याला पळवणं म्हणजे छळ आहे. त्याला माणसासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं. पहाटे पाच मिनिटं, दिवस मावळल्यावर पाच मिनिटं, बास. दिवसभर शिकवलं म्हणून लवकर येत नाही, उलट कंटाळतं आणि गुंडाळीकडं पाठ फिरवतं.

पावसाळ्यात पेरण्या उरकल्या आणि खरं शिक्षण सुरू झालं. वीस हात कासरा गळ्यात, शब्द चार. बस, थांब, आण, दे. यात सगळ्यात अवघड ‘थांब’. कारवानीच्या रक्तात थांबणं नाही. मी दहा वेळा गुंडाळी फेकायचो, त्यातल्या सहा वेळा त्याला बसवून मीच चालत जाऊन उचलून आणायचो. फेकलेली प्रत्येक वस्तू तुझी नाही, हे त्याच्या डोक्यात जायला दोन महिने लागले. बायको म्हणाली, “कुत्र्याला शिकवताय का कुत्रं तुम्हाला?” दिसायला तसंच दिसत होतं.

मग वास. गुंडाळीला आमच्याच कोंबड्यांची गळलेली पिसं दोऱ्यानं बांधली आणि ती सोयाबीनच्या कडेच्या गवतात लपवली. वारा त्याच्या तोंडावर येईल अशा बाजूनं सोडायचं. वारा पाठीवर असला की चांगल्या नाकाचं कुत्रंही आंधळं होतं. तो आधी डोळ्यानं शोधायचा, नाही सापडलं की माझ्याकडं बघत उभा राहायचा. एकदा का मान खाली घालून नागमोडी फिरायला लागला, तेव्हा मला आजोबांचं साहेबाचं कुत्रं डोळ्यांपुढं आलं.

लेकीनं एक परीक्षा तिच्या मनानं घेतली. गावठी कोंबडीचं अंडं त्याच्यापुढं ठेवलं आणि ‘आण’ म्हणाली. पहिलं अंडं सगळा अंगण ओलांडून अख्खं आणून दिलं. दुसरंही. तिसरं वाटेत फुटलं, मग त्यानं ते खाल्लं आणि टरफल इमानदारीनं आणून दिलं.

गायरानात नेणाऱ्यांसाठी एक सांगतो. पावसाळा सरल्यावर कुसळी गवत वाळतं तेव्हा कुत्र्याला त्यात घालू नका. कुसळ कानात, डोळ्यात, बोटांच्या बेचक्यात शिरतं आणि आतच सरकत जातं, पुढं पू होतो. कुत्रं सारखं मान एका बाजूला झटकत असेल तर डॉक्टरला कान दाखवा, घरी चिमटा घालू नका. गोचीड रोज हातानं बघायचे. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी, यात चालढकल नको. पिलाला पार्वोची लस त्याच्याही आधी.

आता ज्याच्यासाठी ही नोंद लिहायला बसलो ते.

ऑक्टोबरातली गोष्ट. रब्बी ज्वारीच्या पेरण्या नुकत्याच झाल्या होत्या. सकाळी धुऱ्यानं चाललो होतो, भुऱ्या मोकळा, पुढं. माझं रान संपतं तिथं चुलत भावाचं रान लागतं. तिथल्या कोपऱ्यात तो थबकला, मान खाली घातली आणि गवतातून काहीतरी उचललं. बघतो तर तित्तर. मी काहीच फेकलं नव्हतं, ‘आण’ म्हणालो नव्हतो. पाखरू जिवंत होतं, मान हलत होती, पण पंख मारत नव्हतं. तित्तर असं कुत्र्याच्या तोंडात आयतं येत नाही. ते पायाखालून भर्रकन उडतं, आपलाच जीव दचकतो. तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

भुऱ्या माझ्यापासून चाळीस पावलांवर. त्याच्या आयुष्यातलं पहिलं खरं पाखरू. मी खाली बसलो, आवाज चढवला नाही, शिट्टी एकदा वाजवली. तो आला. वाटेत एकदा थांबला आणि पाखरू तोंडात नीट धरलं, तेव्हा वाटलं आता दात लावतो. नाही लावला. समोर येऊन बसला. ‘दे’ म्हटलं. दिलं.

खिशातली खताची रिकामी प्लास्टिक पिशवी हाताला गुंडाळून मी ते घेतलं. अंगावर जखम नव्हती. मग त्याच कोपऱ्यात जाऊन पाहिलं. ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र जिथं वळतं तिथं लालभडक बी सांडलेलं, एका जागी तर ओंजळभर. दोन होले मरून पडले होते. ज्वारीच्या खोडमाशीसाठी बियाण्याला कीटकनाशक लावतात, मीही लावतो, त्याशिवाय रब्बी ज्वारीचं खरं नाही. मातीत गेलेलं बी रोपाचं रक्षण करतं. उघड्यावर पडलेलं तेच बी पाखराला दाणा दिसतं. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध लावलेले थोडेसे दाणे लहान पाखराला बास होतात. मरायच्या आधी ते सुस्त होतं, उडता येत नाही, आणि नेमकं तेव्हाच कुत्र्याच्या, मांजराच्या, घारीच्या तोंडी लागतं.

भुऱ्याचं तोंड बाटलीतल्या पाण्यानं धुतलं, डॉक्टरला फोन लावला. दिवसभर नजरेखाली ठेवा म्हणाले, लाळ, थरथर, उलटी काही दिसलं तर घेऊन या. काही झालं नाही. त्यानं पाखरू चावलं नव्हतं, गिळलं तर मुळीच नव्हतं. ओढाओढ शिकलेलं कुत्रं असतं तर त्यानं ते घेऊन पऱ्हाटीत धूम ठोकली असती.

तित्तर खोक्यात ठेवलं. वन विभागाच्या १९२६ नंबरवर फोन करायचा होता, पण त्याआधी भावाकडं गेलो. कारण फोनवर विचारणार, कुठं सापडलं? आणि ते रान त्याचं. मागच्या दारानं वार करायचा नव्हता. तो गोठ्यात धार काढत होता. सांगितल्यावर उठलाच नाही.

“औषध लावल्याबिगर पेरावं का मग? तूच सांग.”

“लावायचं नाही कोण म्हणतंय, दादा? सांडलेलं झाकायचं राहिलंय.”

“आन् तू फोन करून माझं नाव सांगणार.”

“नाव सांगणार नाही. पण पाखरू कशानं गेलं ते विचारलं तर सांगणार. उद्या मोर पडला तर दोघंही गोत्यात येऊ.”

बराच वेळ चरवीत धार पडत राहिली. आमच्यात धुऱ्यावरून आधीच एकदा वाजलेलं आहे, त्यामुळं त्याला वाटणारच, की मी निमित्त शोधतोय. मी फोन केला. दुपारपर्यंत तित्तर मेलं. वनरक्षक येऊन बघून गेले, बी झाकायला सांगितलं. भाऊ तेव्हा रानात आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुऱ्यावर गेलो तर कोपऱ्यातली माती कुदळीनं उकरून वर-खाली केलेली होती. चारही कोपऱ्यांतली.

कृषी सहायक आणि पेरणी यंत्रवाल्या भावांनी यातलं एवढं घ्यावं. वळणाच्या थोडं आधी बी पडणं बंद करायचं, फण उचलायचे, मग वळायचं. यंत्र भरताना खाली पोतं अंथरायचं. शेवटी कोपरे पायानं नाही, कुदळीनं झाकायचे. उरलेलं लावलेलं बी कोंबड्यांना, जनावरांना घालायचं नाही, दळायचं तर नाहीच. बियाण्याच्या खर्चाचं पत्रक सगळे देतात, हे कोणी सांगत नाही.

उंदराच्या औषधाचं याहून वाईट. झिंक फॉस्फाईडचं आमिष खाल्लेला उंदीर कुत्र्यानं गिळला, तर पोटात विषारी वायू तयार होतो. आमच्या शिवारात एक राखणीचं कुत्रं असंच गेलं, रात्रभर तडफडून. अशा वेळी मीठ-पाणी पाजून घरी उलटी करवू नका, उलटीतून निघणारा वायू माणसालाही बाधतो. मोकळ्या हवेत ठेवा, औषधाचं पाकीट सोबत घ्या आणि तडक दवाखाना गाठा. फोरेट, म्हणजे आपलं थायमेट, त्यावर २०२० अखेर बंदी आली. कोणाच्या कोठीत जुना डबा असेल तर तो वापरायला काढू नका.

आणि मेलेली पाखरं एका जागी जास्त दिसली तर कुत्र्यालाही जवळ जाऊ देऊ नका. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात मुरुंब्याला शेकड्यांनी कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला, हे आपण कोणी विसरलेलो नाही. कोंबडीचा रोग कुत्र्याला होत नाही म्हणून निवांत राहू नका. २०२३ मध्ये कॅनडात एक पाळीव कुत्रं मेलेलं रानटी हंस चावल्यावर त्याच रोगानं गेलं. मेलेल्या पाखराला हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं.

त्यामुळं नोव्हेंबरपासून भुऱ्याला पाचवा शब्द शिकवतोय, ‘नको’. हा ‘दे’पेक्षा अवघड आहे, कारण यात उचलायचंच नाही. मुठीत भाकरीचा तुकडा धरायचा, तो नाक लावतो, चाटतो, मूठ उघडायची नाही. त्यानं स्वतःहून तोंड मागं घेतलं की दुसऱ्या हातातला तुकडा द्यायचा, मुठीतला कधीच नाही. मग तुकडा जमिनीवर, मग पिसं बांधलेली गुंडाळी वाटेवर, कासरा हातात. दहातले सात वेळा जमतं. उरलेल्या तीन वेळांसाठी ‘दे’ आहेच.

तित्तर आणतं का, असं विचारणाऱ्यांना मी आता हो म्हणतो आणि ही गोष्ट सांगतो. भावानं परवा निरोप पाठवला, भुऱ्याचं पिलू झालं तर एक माझ्यासाठी ठेव म्हणून. वीसेक दिवसांपूर्वी कासरा सोडून त्याला गव्हाच्या कडेला नेला होता. वरच्या बांधावर तित्तरांची जोडी ओरडत होती. भुऱ्यानं कान टवकारले, एक पाय उचलला, माझ्याकडं बघितलं. मी ‘थांब’ म्हटलं. पाय खाली ठेवायला त्यानं बराच वेळ घेतला.